मनी प्लँटचा कुलवृत्तांत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील घराण्यांना आपले कुलवृत्तांत छापून काढण्याची मोठी हौस लागली होती. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कोणत्या शाखेने कोठे वस्ती केली, कोण निपुत्रिक वारला आणि कोणी कोणास दत्तक घेतले, याची तपशीलवार नोंद असलेले ते जाडजूड ग्रंथ अद्यापि अनेकांच्या कपाटांत आढळतात. नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात येऊन पडलेल्या आमच्यासारख्यांना ते चाळताना एक प्रकारचा दिलासा वाटतो. आज आम्ही ज्या कुळाची हकीकत सांगणार आहोत ते मात्र माणसांचे नव्हे. जयपुरात आम्ही ज्या ज्या घरी चहाला गेलो, त्यांपैकी बहुतेक घरांत त्याची एखादी शाखा काचेच्या बाटलीत पाय सोडून बसलेली आढळली. सरकारी कचेऱ्यांत तर फायलींच्या कपाटावरून ती खाली उतरलेली असते आणि खालच्या बाबूच्या खांद्याला स्पर्श करीत असते. हे कुळ म्हणजे मनी प्लँटचे.

या कुळाचे पहिले वैशिष्ट्य असे की, त्यात जन्म नाही आणि विवाहही नाही. मनी प्लँटला लागवडीत फूल येत नाही. अर्थात फळ नाही आणि बीही नाही. जे काही वाढले ते पेर कापून दुसरीकडे लावल्याने वाढले. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ लेख एकच, आणि जगभर पसरलेल्या बाकीच्या साऱ्या त्याच्या सत्यप्रती. आमच्या खिडकीतली वेल, कोलकात्याच्या एखाद्या जुन्या वाड्यातील वेल आणि न्यूयॉर्कमधील एखाद्या पेढीच्या दालनातील वेल या जवळजवळ एकाच देहाचे तुकडे आहेत. कोठे पानावर पिवळा रंग अधिक, कोठे पांढरा, एवढाच काय तो फरक. आणि तोही त्याच देहात आपोआप घडून आलेल्या बदलाचा.

दुसरे वैशिष्ट्य आडनावाचे. इंग्रजीत या वेलीला ‘पोथॉस’ म्हणतात. हे आडनाव तिचे स्वतःचे नव्हे. ते उसने आहे, आणि तेही आपल्या शेजारून आणलेले. सिंहली भाषेतील ‘पोथा’ या शब्दावरून लिनियस याने १७५३ मध्ये एका निराळ्याच वेलीच्या गोत्राला ते दिले. ती वेल आपल्या कोंकणातील सदाहरित रानांत झाडांच्या बुंध्यांना बिलगून चढते. मराठीत तिला अंजनवेल म्हणतात. तिच्या पानाचा देठ इतका रुंद आणि पंखासारखा असतो की, एका पानाच्या टोकावर दुसरे पान चिकटविले आहे असा भास व्हावा.

या अंजनवेलीची युरोपला झालेली पहिली ठळक ओळख मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोचीन येथील डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यात ही वेल ‘आनपरुव’ या मल्याळी नावाने आलेली आहे. र्‍हीडला साहाय्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. गोव्यातील छळामुळे देशोधडीला लागून जी कुटुंबे दक्षिणेकडे गेली, त्यांच्यापैकी ही माणसे. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत जसेच्या तसे छापलेले आहे. आपल्या मुलखाबाहेर जाऊन वसलेल्या आपल्या लोकांनी परक्याच्या ग्रंथावर आपल्या लिपीत केलेली ती साक्ष आहे. बृहन्महाराष्ट्रात निघणाऱ्या मासिकाच्या वाचकाला तिचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता या उसन्या आडनावाच्या धनिणीकडे वळू. ती आपल्याकडची नव्हे. प्रशांत महासागरात ताहिती बेटाला लागून मोरेआ नावाचे एक लहानसे डोंगराळ बेट आहे. मुंबई शहरात सहज मावून जावे एवढे. वनस्पतिशास्त्रज्ञ आज तेच या वेलीचे मूळ स्थान मानतात. एवढ्याशा बेटावरची वेल जगाच्या घराघरांत शिरावी, यासाठी आधी समुद्र ओलांडण्याचे साधन हवे होते. ते लंडनमधील एका डॉक्टराने अजाणता शोधून काढले.

नॅथानिएल वॉर्ड हे त्याचे नाव. लंडनच्या पूर्व भागातील धुराने त्याच्या अंगणातली नेचे मरून जात. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीत पुरून बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत उगवून आले, आणि झाकण न उघडताही ते टिकून राहिले. दिवसा पाण्याची वाफ होऊन काचेवर जमे आणि रात्री तीच पुन्हा मातीत मुरे. या गोष्टीवरून वॉर्डने काचेच्या बंद पेट्या करविल्या आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्यांतून रोपे सिडनीला रवाना केली. महिनेच्या महिने समुद्रावर राहूनही ती जिवंत पोहोचली. तत्पूर्वी जहाजावरून पाठविलेल्या झाडांपैकी बहुतेक खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी वाटेतच मरत. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी चहाची हजारो रोपे आणली ती या पेट्यांच्याच बळावर. साम्राज्यांच्या इतिहासात तोफांना जेवढी पाने मिळाली, त्यांतील निदान दोन-चार या काचेच्या पेटीला मिळावयास हवी होती, असे आम्हास वाटते.

पेटी झाली, आणि युरोपातील श्रीमंतांना उष्ण कटिबंधातील पानांचे वेड लागले. त्या वेडावर ज्यांचा व्यापार चालला त्यांत झाँ लिंडेन अग्रगण्य होता. तरुणपणी दक्षिण अमेरिकेची राने तुडवून आलेल्या या गृहस्थाने बेल्जियममधील गेंट येथे काचगृहे उभारली होती. तेथून निघणाऱ्या सचित्र उद्यानविषयक नियतकालिकाचे संपादन एदुआर आंद्रे हा फ्रेंच उद्यानरचनाकार करीत असे. आज पुण्या-नाशिककडे हरितगृहांत ज्या अँथुरियमची लाल चकचकीत फुले काढतात, त्याच्या शास्त्रीय नावात याच आंद्रेचे नाव गुंफलेले आहे. १८८० मध्ये या दोघांनी आपल्या नियतकालिकात एक नवी वेल जगापुढे मांडली. पानावर सोनेरी शिंतोडे असल्यामुळे तिला ‘पोथॉस ऑरियस’, म्हणजे सोनेरी पोथॉस, असे नाव दिले, आणि मूळ ठिकाण म्हणून सॉलोमन बेटांचा निर्देश केला. सॉलोमन बेटे आणि मोरेआ यांच्यामध्ये हजारो किलोमीटरांचा समुद्र आहे! परंतु रोपवाटिकेच्या पट्टीवर एकदा जे लिहिले जाते, ते सेवापुस्तिकेतील चुकीच्या जन्मतारखेप्रमाणे दुरुस्त होता होत नाही. ‘सॉलोमन बेटांची आयव्ही’ हे नाव इंग्रजीत अजूनही चालू आहे.

यानंतर आडनावे बदलण्याचे सत्र सुरू झाले. १९०८ मध्ये जर्मन पंडित एंग्लर याने वेलीला ‘सिंडॅप्सस’ गोत्रात घातले. आमच्या वैद्यांची गजपिंपळी ती याच गोत्रातली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ही प्रशांत महासागरातील पाहुणी कागदोपत्री गजपिंपळीची बहीण म्हणून वावरली. १९६२ मध्ये मनरो बर्डसी याने तिला ‘ऱ्हॅफिडोफोरा’त नेले आणि १९६४ मध्ये जॉर्ज बंटिंग याने ‘एपिप्रेम्नम’मध्ये. पुढे काहींनी तिचे स्वतंत्र अस्तित्वच नाकारून तिला दुसऱ्या एका जातीत विलीन केले, आणि मग पुन्हा वेगळी काढली. आज ती ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ आहे.

हा घोळ पंडितांच्या लहरीचा मुळीच नव्हता. अळवाच्या या विशाल कुळात कोणती वेल कोणत्या गोत्रातली हे पानावरून ठरत नाही. फुलाच्या आत डोकावून बीजांडे किती आणि कशी आहेत ते पाहावे लागते. आणि येथे तर फूलच दिसत नव्हते. ज्याची जन्मपत्रिका नाही त्याचे गोत्र जुळवावे कसे? फूल न येण्याचे कारण अगदी अलीकडे, २०१६ मध्ये, उलगडले. झाडाला फुलण्याची आज्ञा देणारे जिबरेलिन नावाचे एक संप्रेरक असते. ते घडविण्यास लागणाऱ्या एका जनुकाचे काम या वेलीत बंद पडलेले आहे. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारले, तेव्हा कधी न फुललेल्या वेलीला फुलोरा आला. लागवडीतील वेल आपण होऊन फुलल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे, असेही त्यांनी नमूद केले. ज्या वर्षी तिला आजचे नाव मिळाले तेच हे वर्ष.

फुलाची वाण असली तरी पानाच्या बाबतीत ही वेल दोन जन्म जगते, आणि ज्यांनी तिला फक्त बाटलीत पाहिले आहे त्यांना दुसरा जन्म ठाऊक नसतो. जमिनीवर सरपटताना किंवा टांगत्या कुंडीतून खाली लोंबताना तिचे पान तळहाताएवढेच राहते. तीच वेल मुंबईच्या अगर कोंकणातल्या दमट हवेत एखाद्या आंब्यावर चढली की वर वर जाताना तिची पाने सुपाएवढी होतात आणि कडांना चिरत जातात. बाटलीतली वेल म्हणजे आयुष्यभर मुंज न झालेला बटूच म्हणावयाचा. कचेरीत आम्ही तिला थोर होऊ देत नाही, हे मात्र खरे.

भारतात परदेशी झाडांच्या आगमनाला बागांची एक पूर्वपीठिका होती. कोलकात्याजवळ शिबपूरची बाग १७८७ मध्ये स्थापन झाली. आमच्याकडे पुण्याजवळ दापोडीला १८२८ पासून सरकारी वनस्पतिबाग होती, डॉ. अलेक्झांडर गिब्सन तेथे अधीक्षक असताना १८४७ ते १८५० या काळात तेथील झाडांची सुंदर रंगीत चित्रे काढविली गेली. ती आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत. ती काढणाऱ्या हिंदी चित्रकाराचे नाव मात्र त्यांवर नाही. पुढे दापोडीचा वारसा गणेशखिंडीच्या बागेकडे आला. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. अशा बागांतून परदेशी पानांची झाडे साहेबांच्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत, तेथून माळ्यांच्या हातांनी बंगल्यामागच्या चाळींत, आणि अखेर आपल्या चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, असा प्रवास करीत आली. या प्रवासात माळ्याचा वाटा सर्वांत मोठा, आणि त्याचेही नाव कोठे नाही.

जयपुरास बागांचा आणि परक्या झाडांचा नाद या सर्वांहून जुना. आमेरच्या किल्ल्याखाली मावठा सरोवरात जी चौकोनी वाफ्यांची बाग आहे, तिला केसर क्यारी म्हणतात. काश्मीरचे केशर येथे लावून पाहिले होते, अशी आख्यायिका आहे. अरवलीच्या उन्हात केशर टिकणार नव्हतेच. पण राजाला ते हवेसे वाटले असेल, हे आम्ही समजू शकतो. पुढे सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकीर्दीत, १८६८ मध्ये, शहराच्या परकोटाबाहेर रामनिवास बाग घालण्यास प्रारंभ झाला. अल्बर्ट हॉल संग्रहालय आज तिच्यातच उभे आहे. गेंटमध्ये सोनेरी वेलीचे नामकरण झाले त्याच १८८० साली रामसिंह महाराज निवर्तले.

केशराला जे साधले नाही ते मनी प्लँटला साधले, याचे श्रेय वेलीच्या चिवटपणाइतकेच येथील गृहिणींच्या हिकमतीला आहे. बारा महिने दमट हवेत वाढणारी ही बेटावरची वेल. आणि जयपुरात वैशाखाच्या दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात जातो व हवेतील ओल पंधरा-वीस टक्क्यांवर येते. अशा वेळी गच्चीवर किंवा लू येणाऱ्या खिडकीत तिला ठेवणे म्हणजे पापड भाजणे. येथील जुन्या घरांत पाण्याचे माठ ठेवण्याची एक सावलीची जागा असते, तिला परिंडा म्हणतात. पाझरणाऱ्या माठांच्या गारव्यात तेथे वेल उन्हाळा सुखाने काढते. ज्यांच्याकडे परिंडा उरला नाही त्यांच्याकडे कूलर असतो. त्याच्या भिजलेल्या वाळ्याच्या झोताच्या अगदी समोर नव्हे, पण त्याच खोलीत, उजेडाच्या परंतु उन्हाच्या नव्हे अशा कोपऱ्यात तिला जागा द्यावी. फार अंधारात ठेवली तर जगते, पण पानावरचे सोने हळूहळू उतरून ती नुसती हिरवी होते.

पाण्याची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. हे शहर अनेक वर्षे रामगढच्या तलावाचे पाणी प्यायले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकास्पर्धा तेथे झाल्या. पुढे तो तलाव कोरडा पडला, आणि आता बनास नदीवरील बीसलपूर धरणाचे पाणी येते. ज्या वसाहती कूपनलिकांवर अवलंबून आहेत तेथील पाण्यात क्षार अधिक. पानांची टोके तपकिरी होऊन करपू लागली तर पुष्कळ लोक पाणी कमी पडले असे समजून आणखी घालतात, आणि ते वेलीला भोवते. करपलेले टोक क्षाराचे असते, आणि पिवळे पडून गळणारे पान बहुधा कुजलेल्या मुळांचे. कुंडीतील वरची दोन बोटे माती सुकल्यावाचून पाणी घालू नये. श्रावणात पडणारे पावसाचे पाणी बादलीत धरून ठेवावे. बाटलीतील पाणी आठवड्याने पालटावे. पौषात रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा बाल्कनीतील वेल आत घ्यावी. दहा अंशांखाली ती आक्रसते. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा. आणि घरात रांगते मूल असेल तर वेल उंच ठेवावी. अळवाला जी खाज तीच हिला, आणि ही चिंचेने शिजवून खाण्याचीही सोय नाही.

तिने खोलीतली हवा शुद्ध होते, हे जे सर्वत्र सांगितले जाते त्याचे मूळ १९८९ मध्ये अमेरिकेच्या अवकाशसंस्थेसाठी झालेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. उघड्या खिडक्यादारांच्या घरात तेवढा परिणाम साधण्यास खोलीचे रानच करावे लागेल, असे पुढील अभ्यासांनी दाखविले.

द्रव्यलाभाच्या समजुतीबद्दल आम्हास फार बोलावयाचे नाही. कचेरीतल्या आमच्या सहकाऱ्यांच्या टेबलांवर ती वर्षानुवर्षे आहे, आणि महागाई भत्त्याखेरीज कोणाची वाढ झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परंतु तिच्या जोडीला उत्तर हिंदुस्थानात दुसरी एक समजूत आहे आणि ती आम्हास अधिक विचार करावयास लावते. मनी प्लँट विकत आणलेला किंवा मागून घेतलेला फळत नाही, तो चोरूनच आणला पाहिजे, असे येथे भलीभली माणसे सांगतात. शेजाऱ्याच्या कुंपणावरून संध्याकाळी एक पेर गुपचूप खुडणारी सभ्य माणसे आम्ही पाहिली आहेत. ही समजूत वेडगळ म्हणून सोडून देता येईल. पण कुलवृत्तांत डोळ्यांपुढे ठेवला की तीत एक विलक्षण सत्य दिसू लागते. मोरेआच्या रहिवाशांचे नाव या वेलीच्या कागदपत्रांत कोठेच नाही. तिची किंमत गेंटला ठरली, नाव गेंटला पडले, आणि गावही दुसऱ्याचेच लागले. ज्या मुलखात ती पुढे गेली त्यांपैकी हवाई, फ्लॉरिडा, श्रीलंका अशा ठिकाणी तिने रानात शिरून तेथल्या मूळच्या झाडांचीच जागा बळकावली.

अलीकडे या चोरीला कायद्याचे कलमही लागू लागले आहे. बियांवाचून, पेर अगर कलम लावून वाढविता येणाऱ्या नव्या वाणावर पेटंट देणारा कायदा अमेरिकेने १९३० मध्ये केला. पानांच्या झाडांचे संग्राहक आता जगभर झाले आहेत. एका पांढरट पानाच्या फांदीसाठी कारकुनाचा महिन्याचा पगार मोजणारी माणसे आहेत, आणि म्हणून वेलीवर कोठे निराळ्या रंगाचे पान फुटले की त्यावर हक्क सांगण्याची धडपड होते. ‘एन-जॉय’ या नावाने विकले जाणारे पांढऱ्या-हिरव्या, बारीक पानांचे वाण भारतातील रोपवाटिकेतून निघाले आणि त्याचे पेटंट अमेरिकेत घेतले गेले. पेटंटाची वीस वर्षांची मुदत चालू असेपर्यंत तेथील माणसाने त्या वेलीचे एक पेर परवानगीवाचून रुजविले तरी तो हक्कभंग होतो. ज्या कुळाचा सारा विस्तार एकाने दुसऱ्यास दिलेल्या किंवा दुसऱ्याने पळविलेल्या पेरांवर झाला, त्याच कुळातील एका शाखेचे पेर देणेघेणे हा गुन्हा ठरावा, ही गोष्ट आम्हास अंजनवेलीच्या देठापेक्षाही चमत्कारिक वाटते.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. भारतीय पेटंट कायदा वनस्पतीला पेटंटयोग्य शोध मानीत नाही. वाणांच्या नोंदणीसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क नमूद केलेला आहे.

कचेऱ्यांत या वेलीचे हस्तांतर होते ते कोणत्याही कायद्याने होत नाही. बदली होऊन जाणारा बाबू कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि प्रलंबित फायली यांची यादी करून सही घेतो. बाटलीचा त्या यादीत उल्लेख नसतो. ती मागे राहते, आणि नवा येणारा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिचे पाणी बदलू लागतो. आमच्या टेबलावरची वेल अशीच आमच्याकडे आली. ती ज्यांनी ठेवली ते गृहस्थ आज आसामात आहेत. त्यांनी पत्र पाठवून वेलीची चौकशी केली, तेव्हा आम्ही तिची दोन पेरे ओल्या फडक्यात गुंडाळून, तिकडे निघालेल्या एका सहकाऱ्याच्या डब्यात ठेवून दिली. एकाला मुळे फुटली आहेत, असे त्यांचे उत्तर आले आहे.